मानशीच्या खांबावरचा चुना

माझा पहिला आलेख तिरक्या ठेवलेल्या केकसारखा होता,
अकरा रंगांचा, खाली सावली टाकलेला.
दिवाडीच्या शाळेत सभा, पडद्याच्या जागी चादर,
आणि खाजनाच्या खारटपणावर माझी वीस मिनिटं.
मागच्या बाकावरून कायतानबाब उठले,
मानशीचे राखणदार, अजून पायांना चिखल:
"बाय, ती जांभळी फोड कोणाच्या शेताची गो?"
बाजूच्या सूचीत बघा, मी म्हटलं.
त्यांनी सूची बघितली, मग केक, मग परत सूची,
आणि वाटेत कुठेतरी जांभळा सांडला.
बाकीच्यांनी माझ्या छापील कागदांनी वारा घेतला.

पणजीत कुंकळ्येकर साहेब म्हणाले,
अक्ष शंभरापर्यंत ने, रेघ आपसूक निजेल.
शेजारच्या टेबलावरून ओफेलिया म्हणाली,
अठरापासून सुरू कर, रेघ डोंगर चढेल,
बांधाचे पैसे मंजूर होतील.
आकडे तेच. माझ्याच वहीतले,
रोज सकाळी सातला पोंयीत वाकून घेतलेले.
फेरीबोटीत कठड्याला टेकून मी बघत राहिले
की या नदीचं शून्य नेमकं कुठे असतं.

शून्य खांबावर होतं.
मानशीच्या दाराशी, जांभ्या दगडाच्या खांबावर,
कायतानबाबांच्या बापाने ओढलेली डांबराची रेघ,
आणि तिच्या वर चुन्याचे फटकारे,
प्रत्येक मोठ्या भरतीचा एक.
ना सूची, ना रंग, ना सावली.
जिथवर पाणी आलं तिथवर चुना.
एक फटकारा इतरांपेक्षा हातभर वर.
"हा?" मी विचारलं.
"बांध फुटला ते वर्ष. त्याला काय विचारायचं?"

त्या रात्री मी फक्त पुसत गेले.
सावली पुसली. चौकट पुसली. जाळीच्या रेघा पुसल्या.
अकरा रंगांतले दहा पुसताना
हात थोडा अडखळला, खोटं कशाला सांगू,
हिरवा मला आवडायचा.
एका मोठ्या गुंत्याऐवजी अकरा छोट्या खिडक्या,
सगळ्यांना एकच मोजपट्टी, सगळ्या शून्यापासून,
आणि शेताचं नाव रेघेच्याच टोकाला:
व्हडलें शेत, पोयणी, दोन माडांकडचं.

मग सरासरी काढून टाकली.
महिन्याची सरासरी फार समजूतदार असते,
कोणाचंच नाव घेत नाही.
मी रोजचा प्रत्येक ठिपका सुटा ठेवला,
आणि खाली बारीक चंद्र काढले, भरलेले आणि रिकामे.

दुसऱ्या सभेत कोणी वारा घेतला नाही.
आंजेलीन बाय उठून थेट चादरीपाशी गेली,
बोट ठेवलं. पुढच्या खिडकीत ठेवलं. त्याच्या पुढच्या.
पुनवेला एक ठिपका उंच, अवसेला एक उंच,
पोयणीत सगळ्यांत उंच.
"भरतीला दार बंद असतं ना रे?"
तिने चादरीलाच विचारलं.
शाळेत पंख्याचा आवाज मोठा झाला.

रात्री फळी वर केली की चिंगळं आत येतात,
काळुंद्रं येतात, आणि मागोमाग मीठ.
हे मी लिहिलं नव्हतं. कुठेच लिहिलं नव्हतं.
ठिपके एका रांगेत उभे राहिले, एवढंच.

कायतानबाब बसूनच बोलले,
"दार मीच वर करतो. भाताला काय मिळतं, सांगा."
मग माझ्याकडे बघून, रागाने नव्हे,
हिशेब तपासणाऱ्या माणसासारखं:
"सगळ्या शेतांना नाव दिलंस गो,
त्या वरच्या ठिपक्याला का नाही?"

आलेख चांगला झाला होता. साहेबही तसं म्हणाले.
फाइल अजून उघडी आहे,
पोयणीच्या खिडकीत, सर्वांत वरच्या ठिपक्याशेजारी
कर्सर लुकलुकतोय.
बाहेर ओहोटी.
उद्या सातला परत त्याच पोंयीत वाकायचं आहे,
आणि तिथे जायची वाट मानशीवरून जाते.